रक्ताच्या तपासणीतून कॅन्सर कळतो का? ट्यूमर मार्करचा इतिहास आणि बीडचा धडा

ओपीडीत हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. "डॉक्टर, रक्ताची एकच तपासणी केली की सगळे कॅन्सर कळतात म्हणे. करून टाकू का?" विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा धडधाकट असते. नात्यात कुणाला तरी कॅन्सर निघालेला असतो, मोबाइलवर कुठल्याशा पॅकेजची जाहिरात आलेली असते आणि मनात धास्ती बसलेली असते.

या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात मोठमोठे शोध आहेत आणि तितक्याच मोठ्या निराशाही आहेत. कॅन्सरच्या भीतीपोटी घाईने पाऊल उचलले तर काय होते, याचा धडा तर आपल्या बीड जिल्ह्यातल्या बायकांनी स्वतःच्या शरीराची किंमत मोजून दिला आहे. म्हणून आज थोडे मागे जाऊन हा इतिहास समजून घेऊ.

ट्यूमर मार्कर म्हणजे काय?

आपल्या शरीरातल्या पेशी वेगवेगळी प्रथिने तयार करतात. त्यातली काही रक्तात उतरतात. कॅन्सरच्या पेशी काही ठरावीक प्रथिने नेहमीपेक्षा जास्त बनवतात. रक्तात अशा प्रथिनाचे प्रमाण मोजले तर कॅन्सरची चाहूल लागू शकते. अशा प्रथिनाला 'ट्यूमर मार्कर' म्हणतात. रिपोर्टवर तुम्ही पाहिलेले सीए-१२५, सीईए, एएफपी, पीएसए हे सगळे मार्करच.

पण एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. यातले बहुतेक मार्कर निरोगी पेशीही थोड्याफार प्रमाणात बनवतात. सूज आली, जंतुसंसर्ग झाला, यकृत बिघडले, तरी ते वाढतात. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

सुरुवात लघवीपासून

१८४५ साली लंडनमध्ये एका व्यापाऱ्याला हाडांच्या असह्य वेदना सुरू झाल्या. त्याची लघवी विचित्र वागत होती. ती गरम केली की त्यातला साका विरघळायचा आणि थंड झाली की पुन्हा दिसायचा. डॉक्टरांनी ती हेन्री बेन्स जोन्स या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरकडे पाठवली. हे एक प्रथिन आहे आणि ते रुग्णाच्या आजाराशी जोडलेले आहे, असे त्यांनी मांडले. रुग्ण १८४६ च्या पहिल्याच दिवशी दगावला. त्याला झालेला आजार म्हणजे मल्टिपल मायलोमा, अस्थिमज्जेतला कॅन्सर. 'बेन्स जोन्स प्रोटीन' हा कॅन्सरचा पहिला मार्कर मानला जातो. आजही मायलोमाच्या तपासात त्याचे महत्त्व आहे.

यानंतरचे मोठे पाऊल पडायला जवळपास शंभर वर्षे लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिन चिऊ ली हे डॉक्टर कोरिओकार्सिनोमाच्या रुग्णांवर मेथोट्रेक्सेट हे औषध वापरत होते. हा वारेच्या पेशींपासून होणारा, बऱ्याचदा द्राक्षगर्भानंतर उद्भवणारा कॅन्सर. त्यात एचसीजी हे गर्भारपणातले संप्रेरक भरमसाट वाढते. औषधाने गाठी दिसेनाशा झाल्या तरी एचसीजी थोडे शिल्लक असेल, तर ली उपचार थांबवत नसत. वरिष्ठांना हा हट्ट वाटला आणि त्यांना ती संस्था सोडावी लागली. पुढे दिसून आले, की एचसीजी पूर्ण नाहीसे होईपर्यंत उपचार मिळालेल्या स्त्रियाच कायमच्या बऱ्या झाल्या.

इथे मार्करचे खरे बळ दिसते. आजार आहे हे आधीच माहीत आहे. तो गेला की लपून बसला आहे, हे मार्कर सांगतो.

मॉस्को आणि मॉन्ट्रियल

१९६३ साली मॉस्कोत गॅरी आबेलेव्ह यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात एक प्रथिन सापडले. ते एरवी फक्त गर्भावस्थेत बनते. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांना यकृताचा कॅन्सर झालेल्या माणसांच्या रक्तातही ते दिसले. हेच अल्फा फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी. १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असेच एक गर्भावस्थेतले प्रथिन शोधले: सीईए.

१९६९ मध्ये सीईए रक्तात मोजण्याची पद्धत आली. सुरुवातीच्या अभ्यासात मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलेल्या जवळजवळ सगळ्याच रुग्णांमध्ये ते वाढलेले आढळले. कॅन्सरची रक्ततपासणी सापडली, असा आनंद जगभर झाला.

तो फार टिकला नाही. आणखी लोक तपासल्यावर कळले, की सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए वाढते, यकृत खराब असलेल्यांत वाढते, आतड्याला सूज असलेल्यांतही वाढते. उलट सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये ते अनेकदा वाढलेलेच नसते. म्हणजे जिथे त्याची गरज होती तिथेच ते कमी पडत होते. आज सीईए वापरतात ते प्रामुख्याने आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी.

सीए-१२५ आणि ३५ चा आकडा

१९७५ मध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी एकाच नेमक्या प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी हव्या तितक्या बनवण्याची युक्ती शोधली. पुढे त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. ही युक्ती वापरून बोस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी अंडाशयाच्या कॅन्सरला ओळखणारी अँटिबॉडी शोधत होते. एकामागून एक अँटिबॉडी निकामी ठरत गेल्या. जी कामाची निघाली तिचा क्रमांक होता १२५. सीए-१२५ हे नाव तिथून आले.

१९८३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८८८ निरोगी माणसांपैकी साधारण १ टक्का लोकांतच हे प्रमाण ३५ च्या वर होते. अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या १०१ स्त्रियांपैकी ८३ जणींत ते ३५ च्या वर होते. तुमच्या रिपोर्टवर सीए-१२५ समोर '३५ पेक्षा कमी' असे छापलेले असते, ते या अभ्यासामुळे.

ऐकायला छान वाटते. पण त्या १०१ स्त्रियांना कॅन्सर आहे हे आधीच माहीत होते. प्रश्न आहे तो ज्यांना काहीच त्रास नाही अशा बायकांचा.

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा गेवराई, माजलगाव, धारूर भागातल्या १०,००० निरोगी स्त्रियांची आपण रक्ततपासणी केली. त्यात अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या ४ जणी आहेत. तपासणीने त्यातल्या ३ पकडल्या. आणि ही तपासणी निरोगी माणसांत १०० पैकी फक्त २ वेळा चुकते असे धरू. म्हणजे निरोगी असूनही रिपोर्ट वाढलेला आला अशा जवळपास २०० जणी. एकूण २०३ बायकांच्या हातात लाल अक्षरातला रिपोर्ट, आणि त्यात खरा कॅन्सर फक्त तिघींना.

उरलेल्या २०० जणींचे सीए-१२५ का वाढले? पाळी सुरू असेल, गर्भपिशवीत फायब्रॉइडची गाठ असेल, एंडोमेट्रिऑसिस असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल. आपल्याकडे एक कारण आवर्जून सांगायला हवे: पोटाचा क्षयरोग. त्यात पोटात पाणी होते, वजन घटते आणि सीए-१२५ शेकड्यांत जाते. अंडाशयाचा कॅन्सर समजून पोट उघडले आणि आत टीबी निघाला, असे रुग्ण भारतातल्या अनेक रुग्णालयांनी नोंदवले आहेत. ज्याला गोळ्यांची गरज होती, त्याच्या वाट्याला चाकू आला.

मोठ्या अभ्यासांनी काय सांगितले?

हे नुसते कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत ७८,२१६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. निम्म्या जणींची सीए-१२५ आणि सोनोग्राफीने दरवर्षी तपासणी झाली. अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. पण कॅन्सर नसताना रिपोर्ट चुकून 'पॉझिटिव्ह' आलेल्या ३,२८५ जणी निघाल्या. त्यातल्या १,०८० जणींचे ऑपरेशन झाले आणि त्यांतल्या १६३ जणींना ऑपरेशनमुळे किमान एक गंभीर गुंतागुंत झाली.

ब्रिटनमध्ये २,०२,६३८ स्त्रियांवर याहून मोठा अभ्यास झाला. तिथे एकाच आकड्यावर न थांबता सीए-१२५ वर्षानुवर्षे कसे बदलते तेही पाहिले. काही कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले. तरीही २०२१ च्या अंतिम निष्कर्षात मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. लवकर सापडणे आणि जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे वैद्यकशास्त्राला नाइलाजाने मान्य करावे लागले.

पुरुषांच्या पीएसएची गोष्टही याच वळणाची आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. १९९४ मध्ये निदानासाठीही परवानगी मिळाली. मग लाखो निरोगी पुरुष तपासले गेले. काहींचा जीव वाचला. पण ज्या गाठींनी आयुष्यभर काहीच त्रास दिला नसता, त्यांच्यासाठीही कित्येकांची ऑपरेशने झाली आणि लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता गेली. म्हणून आता पीएसए सरसकट करू नये, फायदे-तोटे समजून घेऊन करावी, असा सल्ला दिला जातो.

बीडमध्ये काय घडले?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या आसपास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल मिळते. एक दिवस काम बुडाले तर खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. फडात न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. अशा जगण्यात अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत जास्त जाणे या तक्रारी होणारच.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. जून २०१९ मध्ये सरकारने विधिमंडळात सांगितले, की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते.

कारणे अनेक होती: खाड्याची भीती, पाळीची अडचण, दवाखान्यातला नफा. पण बायकांच्या बोलण्यातून एक वाक्य पुन्हा पुन्हा पुढे आले: "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल," असे त्यांना सांगितले गेले होते.

हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे. अंगावरून पांढरे जाण्याचे कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असते. तो औषधांनी बरा होतो. गर्भाशयाच्या मुखाशी कॅन्सरपूर्व बदल सापडले, तरी तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून उपचार होतो. त्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही. आणि पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर तिशीतल्या बाईला एकदम पाळी गेलेल्या बाईचे शरीर मिळते. हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पुढच्या हंगामात त्याच शरीराने मोळ्या उचलायच्या असतात.

बीडमध्ये जे घडले त्याला रक्ताची तपासणी कारण नव्हती. तिथे भीतीच पुरेशी ठरली. मग विचार करा, या भीतीच्या हातात एक छापील आकडा दिला तर? सीए-१२५ ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाने वाढते आणि ऊसतोड करणाऱ्या बाईला तो संसर्ग असण्याची शक्यता जास्त. ४८ किंवा ६० असा आकडा दाखवून तिला ऑपरेशनच्या टेबलावर नेणे किती सोपे आहे! २०१९ नंतर बीडमध्ये गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. पण भीतीला परवानगी लागत नाही. तिच्यावर उपाय एकच, माहिती.

शेजारच्या बार्शीने दाखवलेली वाट

गंमत अशी, की खरा मार्ग आपल्या शेजारीच सापडला होता. बीडला लागून असलेल्या भूम-परांड्यात आणि पलीकडच्या बार्शी तालुक्यात १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंदणी सुरू आहे. भारतातली ती पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. त्यामागे बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचे टाटा मेमोरियल. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणे समजावून सांगत. त्याचा परिणाम असा झाला, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागले. त्यासाठी कुठलेही महागडे यंत्र लागले नाही. माणसे माणसांशी बोलली.

१९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी आणि काहींत फक्त माहिती व नेहमीची सेवा. आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी नसलेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभरातल्या धोरणांवर त्याचा परिणाम झाला. एका गटाला तपासणी दिली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. तो वादही या इतिहासाचा भाग आहे आणि ज्या बायकांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

ही तपासणी रक्ताची नाही, हे लक्षात घ्या. गर्भाशयाच्या मुखाजवळून नमुना घेऊन विषाणू शोधला जातो. पण "या तपासणीने जीव वाचतो का?" या प्रश्नाला तिने खऱ्या गावांत, खऱ्या बायकांमध्ये उत्तर दिले. सीए-१२५ ला ते देता आले नाही.

नव्या तपासण्यांचे काय?

संशोधन थांबलेले नाही आणि थांबूही नये. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या शास्त्रज्ञांनी रक्तातली आठ प्रथिने आणि जनुकीय बदल एकत्र मोजून आठ प्रकारचे कॅन्सर शोधण्याचा प्रयत्न मांडला. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी दहा-दहा प्रथिनांचे वेगळे संच मांडले. अठरा प्रकारच्या कॅन्सरमध्ये अगदी पहिल्या टप्प्यातलेही बहुतेक रुग्ण ओळखता आले, असे त्यांचे निष्कर्ष होते. 'एका रक्ततपासणीत १८ कॅन्सर' या बातम्या तिथूनच आल्या.

पण त्या अभ्यासात कॅन्सर झालेले ४४० रुग्ण होते आणि निरोगी माणसे फक्त ४४. आपला १०,००० बायकांचा हिशेब आठवा. निरोगी माणसांत तपासणी किती वेळा चुकते, हे ४४ जणांवरून कसे ठरवणार? १९६९ चे सीईए आणि १९८३ चे सीए-१२५ याच पायरीवर झळकले होते. पुढची पायरी त्यांना चढता आली नाही. नव्या तपासण्यांना ती जमेलही. पण जमल्याचा पुरावा येईपर्यंत निरोगी माणसाने खिशातले हजारो रुपये त्यावर घालू नयेत.

मग तुम्ही काय करावे?

तब्येत ठणठणीत असेल तर पॅकेजमधले ट्यूमर मार्कर हौस म्हणून करू नका. केले असतील आणि एखादा वाढलेला आला, तर घाबरू नका. तो रिपोर्ट म्हणजे निदान नाही. डॉक्टरांना विचारा: "कॅन्सरशिवाय हे कशाने वाढू शकते? पुन्हा कधी तपासायचे?" फक्त आकड्यावरून कुणी ऑपरेशन सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्याच. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय तुमच्या आवाक्यात आहे.

कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा होऊन गेले असतील, तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेली मार्कर तपासणी अजिबात चुकवू नका. तिथे हाच आकडा तुमचा राखणदार आहे.

वय तिशीच्या पुढे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करून घ्या. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, स्तनात गाठ, तोंडात न भरणारी जखम, आठवड्यांमागून आठवडे पोट फुगलेले राहणे यातले काहीही असेल, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लक्षणाकडे दुर्लक्ष करणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे.

आणि घरात, शेजारी, फडावर जाणाऱ्या टोळीत कुणी म्हणाले, "पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल," तर त्या बाईला थांबवा. तिला एवढेच सांगा: आधी तपासणी, मग कारण, मग उपचार. ऑपरेशनचे नाव त्यानंतर.